ऐकलेले आणि ऐकीव : गुन्हेशोधाची श्रुतिका आणि अरण्यप्रदेशातील श्रोता

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर, असे मराठीत म्हटले जाते. डोळ्यांनी पाहिले ते खरे आणि कानांनी ऐकले ते पडताळून घ्यावयाचे, हा लोकव्यवहाराचा दंडक त्या चार बोटांत सामावलेला आहे. कायद्याची भूमिका मात्र याहून सूक्ष्म आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६० ने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे सांगताना, पाहण्याजोग्या गोष्टीसाठी ती पाहणारा आणि ऐकण्याजोग्या गोष्टीसाठी ती स्वतः ऐकणारा साक्षीदार मागितला होता. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. स्वतःच्या कानांनी ‘ऐकलेले’ आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेले ‘ऐकीव’ यांत कायदा भेद करतो. त्याच्या लेखी कान हा डोळ्याच्या बरोबरीचा साक्षीदार आहे. दुय्यम ठरते ते ऐकीव.

मराठी साहित्यविचाराने हा भेद पुरेसा केलेला नाही. मुद्रित संहिता आणि रंगमंचीय प्रयोग यांची मीमांसा विपुल झाली. नभोवाणीवरून ऐकल्या गेलेल्या नाट्याला मात्र, ते लक्षावधी कानांनी प्रत्यक्ष ऐकलेले असूनही, ऐकीव गोष्टीचाच दर्जा मिळाला. त्यातही गुन्हेशोधाच्या श्रुतिकेची उपेक्षा दुहेरी आहे. रहस्यकथा म्हणून ती रंजनप्रधान साहित्याच्या रकान्यात जाते आणि श्रुतिका म्हणून ती क्षणजीवी ठरते. वस्तुतः पुरावा म्हणजे काय, साक्षीदार कोण आणि ऐकण्यावरून अनुमान कसे बांधले जाते, हे प्रश्न या प्रकाराइतके उघडेपणाने दुसऱ्या कोणत्याही नाट्यप्रकाराने विचारलेले नाहीत. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशातील श्रोता समोर ठेवला, तर हे प्रश्न अधिक स्पष्ट होतात, कारण रात्रीच्या अंधारात कानावर विसंबून निर्णय घेणे ही तेथील शेतकऱ्याची आणि वाटाड्याची नित्याची गरज राहिली आहे.

श्राव्य नाट्याचा आरंभच एका काळोखात झाला आहे. केवळ नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून ज्याचा उल्लेख सर्वत्र केला जातो, ते रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ १५ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.ने लंडनहून प्रसारित केले. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि खाण पाहावयास आलेली मंडळी अंधारात अडकतात, एवढे त्याचे कथासूत्र. ह्यूज यांनी माध्यमाची उणीव झाकली नाही. तिलाच त्यांनी नाट्यघटिताचे रूप दिले. श्रोत्याला काही दिसत नाही, कारण पात्रांनाही काही दिसत नाही. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी येथील खाणींच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला या योजनेचे मर्म विवरणावाचून कळेल. भूमिगत खाणीत दिवा गेला, की पाण्याचे ठिबकणे, वरच्या थराची करकर आणि शेजारच्याचा श्वास यांवरूनच परिस्थितीचा अंदाज घ्यावा लागतो. पुढे गुन्हेशोधाच्या श्रुतिकेने ज्या श्रोत्याची कल्पना केली, तो मूलतः असा खाणीत अडकलेला माणूस आहे.

या प्रकाराचा भरभराटीचा काळ अमेरिकेत साधारणतः १९३० ते १९६२ असा मानला जातो. २० ऑक्टोबर १९३० रोजी शेरलॉक होम्स तेथे प्रथम ध्वनिक्षेपित झाला. रंगभूमीवर होम्स गाजविणारे वयोवृद्ध नट विल्यम जिलेट यांनी ती भूमिका केली, एडिथ मायझर यांनी रूपांतर केले, आणि निवडलेली कथा होती ‘द स्पेकल्ड बँड’. ही निवड विचार करण्याजोगी आहे. या कथेतील निर्णायक पुरावा श्राव्य आहे : मध्यरात्री ऐकू येणारी बारीक शीळ, धातूवर धातू आपटल्याचा आवाज आणि अंधाऱ्या खोलीतील दीर्घ प्रतीक्षा. कॉनन डॉइल यांनी ती १८९२ मध्ये, नभोवाणीचा मागमूस नसताना लिहिली. तरी ती कानासाठीच लिहिली असावी असे वाटते. शिळेच्या इशाऱ्यावर परतणारा आणि बशीतील दुधावर पोसला जाणारा तिच्यातील हिंदुस्थानी सर्प गडचिरोलीच्या श्रोत्याला पटणे कठीण, हा भाग निराळा. साप दूध पीत नाही, आणि हवेतून येणारी शीळ त्याला माणसासारखी ऐकू येत नाही. लंडनच्या वाचकाला जे रोमांचक वाटले, त्यावर येथील सर्पमित्र हसेल.

याच काळातील ‘द शॅडो’ या मालिकेचा नायक अदृश्य होऊ शकतो. ही विद्या त्याने पूर्वेकडील देशांत संपादन केली, असे मालिकेत सांगितले जाई. १९३७ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी ही भूमिका स्वीकारली. वरवर पाहता ही कल्पना नभोवाणीवर निरर्थक ठरावी, कारण तेथे सर्वच पात्रे अदृश्य असतात. त्यावरचा उपाय असा, की नायक अदृश्य झाला की त्याचा आवाज गाळणीतून काढल्यासारखा, टेलिफोनमधून आल्यासारखा होई. दिसण्या-न दिसण्यातील भेदाचे हे ध्वनीच्या पोतातील भेदात केलेले रूपांतर होते. ‘ड्रॅगनेट’ (१९४९) या मालिकेने याच्या नेमकी उलट वाट धरली. जॅक वेब यांनी लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रत्यक्ष प्रकरणांवरून रचलेल्या या मालिकेत अद्भुत काहीच नाही : पावले, दारे, टंकलेखनयंत्र, कंटाळलेले साक्षीदार आणि तपासाचा संथ क्रम. श्रोत्याला कोणी भुलवीत नाही. त्याला कामावर नेले जाते.

छापील रहस्यकथेचा आणि या श्रुतिकेचा मूलभूत फरक पुराव्याच्या मांडणीत आहे. छापील कथेत खोलीचे वर्णन येते : मेज, दिवा, अर्धवट विझलेली सिगारेट, उघडी खिडकी. या पसाऱ्यात लेखक एक महत्त्वाची वस्तू बेमालूम ठेवून देतो आणि वाचकाची नजर तिच्यावरून सरकून जाते. ध्वनीच्या माध्यमात असा पसारा नसतो. जे काही ऐकू येते, ते कोणी तरी मुद्दाम ऐकविलेले असते. म्हणून श्रोता प्रत्येक आवाजाकडे संशयाने पाहतो. घड्याळाची टिकटिक ऐकू आली, की घड्याळाचा काही तरी संबंध असणार असे तो गृहीत धरतो. पुरावा लपविण्यासाठी पसारा हवा आणि पसारा मांडण्याची सोय नाही, अशा पेचात नभोनाट्यलेखक सापडतो. कसलेले लेखक यातून सवयीच्या वाटेने सुटका करून घेत. एखादा आवाज इतक्या वेळा ऐकवायचा, की तो ऐकू येईनासा व्हावा. आणि मग एकदाच त्यात किंचित बदल करावयाचा.

होम्सच्याच ‘सिल्व्हर ब्लेझ’मधील न भुंकलेल्या कुत्र्याचा पुरावा या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. रात्री घोडा चोरीस गेला तरी कुत्रा भुंकला नाही, म्हणून चोर ओळखीचा होता, हे अनुमान कागदावर अजोड वाटते. श्रुतिकेत ते तसेच घेता येत नाही. जो आवाज झालाच नाही तो ऐकविणार कसा? त्यासाठी आधीच्या प्रवेशांत कुत्र्याचे भुंकणे श्रोत्याच्या कानात मुरवून ठेवावे लागते, अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकतो ही अपेक्षा रुजवावी लागते, आणि मगच त्या रात्रीची शांतता बोलू लागते. शांततेला अर्थ येतो तो तिच्या आधीच्या आवाजांमुळे.

हे तत्त्व अरण्यप्रदेशात कोणी नाट्यशास्त्रातून शिकत नाही. कापणीच्या आधीच्या आठवड्यांत धानाच्या बांध्यांवर जागलीला बसणारा शेतकरी रानडुकरांचा कळप दिसण्याची वाट पाहत नाही. दिसेल तोवर धान गेलेले असते. रातकिड्यांचा अखंड आवाज एका बाजूने अचानक थांबला, की त्या बाजूला काही तरी हलले हे त्याला कळते. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या ताडोब्यात वाघाचा माग काढण्याची रीतही बरीचशी श्राव्यच आहे. चितळ, सांबर, भेकर आणि वानर धोक्याच्या वेळी जो विशिष्ट आवाज काढतात, त्याला तेथील वाटाडे ‘कॉल’ म्हणतात. यात साक्षीदारांची प्रतवारीही ठरलेली असते. चितळ उतावीळ, साध्या हालचालीनेही दचकून ओरडते, म्हणून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबत नाहीत. सांबराचा कॉल वजनदार मानला जातो, आणि उंचावरून पाहणाऱ्या वानराने त्याला दुजोरा दिला तर वाट बदलून गाडी तिकडे वळते. कोणता साक्षीदार भित्रा, कोणता भरवशाचा, कोणी प्रत्यक्ष पाहिले आणि कोण दुसऱ्याचे ऐकून ओरडला, हा सारा विवेक गुन्हेशोधाच्या कथेतील तपासाहून वेगळा नाही. ऐकलेले आणि ऐकीव यांतील भेद येथे व्यवहारात रोज केला जातो.

अशा श्रोत्यापर्यंत ध्वनिक्षेपण पोहोचत होते ते बव्हंशी नागपूरहून. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. चंद्रपूर तेथून सुमारे दीडशे किलोमीटर. गोदावरी-प्राणहितेच्या काठचा सिरोंचा तालुका त्याच्या दुपटीहून दूर. (त्या वेळी हा सर्व प्रदेश एकाच जिल्ह्यात होता, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला.) मध्यम लहरींचा एक गुण येथे लक्षात घ्यावयास हवा. दिवसा वातावरणाचा खालचा आयनित थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री लागत. मात्र आवाज स्थिर नसे. तो भरतीसारखा येई आणि ओहोटीसारखा जाई. खुनी कोण हे सांगणारे वाक्य नेमके ओहोटीत सापडले, तर ते शेजाऱ्याच्या मदतीने जुळवून घ्यावे लागे. आज स्थानिक केंद्राचे एफ.एम. प्रसारण स्वच्छ ऐकू येते, परंतु त्याचा पल्ला दृष्टिरेषेपुरताच असतो आणि ती रात्रीची ओढाताण त्यात नाही. ट्रान्झिस्टर संच वीज नसलेल्या गावांतही चालू लागल्यावर हे श्रवण घराबाहेर, ओट्यावर, कधी मचाणावरही गेले. एका कालगतीची नोंद येथे करावयास हवी : ३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या दोन्ही मालिका संपून अमेरिकेतील नभोनाट्याचे पर्व मावळले, आणि त्याच दशकात आपल्या खेड्यांत ट्रान्झिस्टर पोहोचू लागला.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्यावरील ‘हवामहल’मधून पंधरा मिनिटांच्या नाटिका घरोघर गेल्या. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिची व्यापारी सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाली, आणि प्रायोजित कार्यक्रमांना वाट मिळाली. १९७० च्या दशकातील ‘इन्स्पेक्टर ईगल’ ही हिंदी गुन्हेशोध-मालिका या वाटेने आली. ईगल फ्लास्कच्या उत्पादकांनी ती प्रायोजित केली होती आणि नायकाने उत्पादनाचेच नाव धारण केले होते. थर्मासचे नाव लावून हिंडणारा पोलीस अधिकारी ही कल्पना आज गमतीची वाटेल, परंतु अमेरिकेतील मालिकाही साबण, कॉफी आणि सिगारेट यांच्याच आश्रयाने जगल्या होत्या.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मराठीत रहस्यकथेची एवढी समृद्ध परंपरा असताना, आणि बाबुराव अर्नाळकरांसारख्या लेखकाने हजाराहून अधिक पुस्तके लिहून झुंजार, काळापहाड यांसारखे नायक घराघरांत नेले असताना, मराठी नभोवाणीला त्यांच्या तोडीचा स्वतःचा गुप्तहेर का लाभला नाही? मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनी ही कौटुंबिक पात्रे श्रोत्यांच्या घरातील माणसे बनली, गुन्हेशोधाचे असे एकही पात्र मराठी श्रोत्यांच्या ओठांवर राहिले नाही. याचे एक कारण माध्यमाच्या मालकीत शोधावे लागते. काळापहाड हा कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारा वीर. अशा नायकाला छापखाना आश्रय देतो, वाचनालय देते. शासनाच्या ध्वनिक्षेपकावरून मात्र कायदा मोडून न्याय करणारा नायक आठवड्यामागून आठवडे ऐकविणे अवघड होते. तेथे नायक व्हावयाचा तर इन्स्पेक्टरच व्हावा लागतो. बी.बी.सी.लाही या संकोचाने ग्रासले होते. १९४६ ते १९५१ या काळात गाजलेल्या ‘डिक बार्टन’ या मालिकेच्या नायकाने काय करू नये याची एक नियमावली घालून देण्यात आली होती, आणि अखेरीस त्याच्या वेळेवर ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची, कृषिविषयक माहिती देणारी मालिका आली. गुप्तहेराची जागा शेतीसल्ल्याने घ्यावी, हे आकाशवाणीच्या श्रोत्याला अपरिचित वाटणार नाही.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे. अर्नाळकरी कथेचे बळ वेगात, वेषांतरात आणि दृश्य झटापटीत आहे. ती डोळ्यांपुढून धावते. वेषांतराचेच उदाहरण घ्यावे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात प्रभाकर पणशीकर एकाच भामट्याची अनेक रूपे रंगवीत. प्रेक्षक प्रत्येक वेळी तोच नट नव्या पोशाखात पाहतो. साक्षीदारांना जे सिद्ध करता येत नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यातच नाट्य आहे. हेच केवळ कानांवर सोपविले तर तोल पालटतो. नटाने आवाज पुरता बदलला, तर तो एकच माणूस आहे हे श्रोत्याला कळत नाही. बदलला नाही, तर न्यायालयाला कसे कळत नाही, असे त्याला वाटते. श्राव्य माध्यमात वेषांतर म्हणजे स्वरांतर, आणि ते अर्धेच यशस्वी व्हावे लागते. एखादा शब्द ओढण्याची लकब, एखादा अनुनासिक, एखादा खोकला तेवढा शिल्लक राहावा, आणि तोच पुरावा ठरावा.

आवाज हाच पुरावा ठरला, की बोलीचा प्रश्न टाळता येत नाही. श्रुतिकेतील पात्राला चेहरा, पोशाख, जात, गाव, वय हे सर्व उच्चारांतूनच मिळते. मराठी नाटकात रूढ असलेला संकेत असा, की अधिकारी, वकील, डॉक्टर प्रमाण मराठी बोलतात आणि गडी, पहारेकरी, जंगलातील वाटाड्या ‘ग्रामीण’ म्हणून ठरलेल्या एका ठोकळेबाज भाषेत बोलतात, जी प्रत्यक्षात कोणत्याच गावाची नसते. झाडीबोली ऐकत वाढलेल्या, घरात माडिया किंवा गोंडी आणि बाजारात तेलुगू कानावर पडणाऱ्या श्रोत्याला या संकेतातील खोटेपणा लगेच उमगतो. रहस्याच्या दृष्टीने तर तो अधिकच घातक आहे. गुन्हेगार सहसा सुशिक्षित निघतो आणि संशय मात्र बोलीवर ठेवला जातो, ही क्लृप्ती दोन श्रुतिकांत श्रोत्याच्या लक्षात येते. तिसरीत तो नोकरावर संशय घेतच नाही. कलेची हानी होतेच, पण त्याहून गंभीर बाब ही, की ज्याची भाषा नेहमी संशयिताची किंवा विनोदाची असते, त्याला साक्षीदाराची प्रतिष्ठा कधी मिळत नाही.

मराठी श्रुतिकेला हाताशी असलेले एक साधन मात्र विलक्षण होते, ते म्हणजे पंचनामा. गुन्ह्याच्या जागेचे वर्णन श्रोत्याला ऐकवावयाचे, पण कोणाही पात्राने उगाच ‘अरे, ही पाहा खिडकी उघडी आहे’ असे म्हणावयाचे नाही, ही प्रत्येक नभोनाट्यलेखकाची अडचण. इंग्रजी श्रुतिकांत तीसाठी होम्सला वॉटसन दिला जातो. आपल्याकडे फौजदार सांगतो आहे आणि हवालदार लिहितो आहे, असा प्रवेश रचला की तीच माहिती पूर्णतः स्वाभाविक होते. दार कोणत्या दिशेला, कडी आतून की बाहेरून, प्रेताचे डोके कोणीकडे, कोणती वस्तू कोठे पडलेली, हे पंचनाम्याच्या कोरड्या, क्रमबद्ध मराठीत उच्चारले जाते. वस्तूंचा जो पसारा छापील कथेला सहज मिळतो, तो येथे भाषेच्या औपचारिकतेतून मिळतो. हवालदाराने मध्येच ‘साहेब, पुन्हा सांगा’ म्हटले, की महत्त्वाचा तपशील दोनदा ऐकू येतो आणि कोणाला शंकाही येत नाही. पोलिसी तपासाइतकीच ही भाषा वनविभागाच्या कामकाजातही चालते. तोडलेल्या सागाच्या बुंध्याचे माप, गाडीच्या चाकोऱ्या, मृत जनावराची स्थिती यांचे पंचनामे अरण्यप्रदेशातील अनेकांनी पंच म्हणून उभे राहून ऐकलेले आणि अंगठ्याने वा सहीने प्रमाणित केलेले आहेत. अशा श्रोत्याला पंचनाम्यातील चूक, गाळलेली वस्तू, उलटवलेला क्रम चटकन जाणवतो.

ध्वनिसंकेतांची बाजूही याच्याशी निगडित आहे. नारळाच्या करवंट्यांतून घोड्याच्या टापा आणि चुरगळलेल्या सेलोफेन कागदातून आग निर्माण करणे, ही नभोवाणीच्या स्टुडिओतील सर्वपरिचित कारागिरी. तिची मर्यादा अशी, की शब्दांचा आधार नसेल तर कढईत तळली जाणारी भजी, कौलांवरचा पाऊस आणि जळणारे गवत हे कानाला जवळजवळ एकच. म्हणून आवाजाआधी किंवा लगेच नंतर त्याचे नाव उच्चारावे लागते. जंगलाचे दृश्य उभारताना ही मर्यादा फार उघडी पडते. रातकिडे, घुबड आणि दूरवरचे कोल्हे यांची एक ठरीव पट्टी वाजविली की ‘रात्रीचे जंगल’ झाले, असे स्टुडिओत मानले जाते. पण ऋतू कोणता, प्रहर कोणता, पाणवठा जवळ आहे की नाही, हे त्या आवाजांवरून ओळखणाऱ्या श्रोत्याला ती पट्टी म्हणजे रंगविलेला पडदा वाटतो. भर उन्हाळ्यातील प्रसंगामागे त्याला पावसाळी बेडूक ऐकू आले, तर त्याच्यापुरता साक्षीदार तेथेच फुटतो.

या माध्यमाची कमाल शक्ती जिथे दिसते ती कृती म्हणून ल्यूसिल फ्लेचर यांच्या ‘सॉरी, राँग नंबर’चा निर्देश करावा लागेल. ‘सस्पेन्स’ मालिकेतून २५ मे १९४३ रोजी ती प्रथम प्रसारित झाली; अॅग्नेस मूरहेड यांची भूमिका होती. अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला टेलिफोनच्या तारा जुळून दोन अनोळखी माणसांचे बोलणे ऐकू येते. ते एका खुनाचा बेत करीत आहेत. ती टेलिफोन खात्याला, पोलिसांना, दवाखान्याला सांगत सुटते. कोणी विश्वास ठेवत नाही. तिने स्वतः ऐकले आहे. तिच्याकडून ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या लेखी मात्र ते ऐकीव आहे. बेत कोणाविरुद्ध आहे हे तिला उशिरा उमगते, श्रोत्याला थोडे आधी. आणि श्रोताही तिच्यासारखाच एका यंत्राला कान लावून, काहीही करू न शकता बसलेला असतो. १९४८ मध्ये या श्रुतिकेवरून चित्रपट निघाला, तेव्हा पूर्वकथेची कितीतरी दृश्ये जोडावी लागली. कथा विस्तारली, पण दृश्यांमुळे प्रेक्षक तिच्या खोलीतून बाहेर पडू शकला आणि भीतीची ती कोंडी सुटली. मराठीत गूढतेच्या अंगाने ही वाट ज्यांना सापडली, त्यांपैकी रत्नाकर मतकरी यांची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ मध्ये मुंबई नभोवाणी केंद्रावरूनच सादर झाली होती. पुढे गूढकथाकार म्हणून त्यांनी जे यश मिळविले, त्यात दाखविण्यापेक्षा सुचविण्यावर असलेला भर पाहता, हा आरंभ केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

वडसा-देसाईगंजच्या परिसरात केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी या संदर्भात दुसऱ्या टोकाला उभी आहे. दिवाळीनंतर धान घरात आले, की शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, त्यात गाणी असतात, लावणी असते, खून, दरोडे, हरवलेले वारस आणि न्यायालयेही असतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. तिच्यातील गुन्ह्याचे नाट्य विस्ताराचे आहे. रहस्य फार काळ लपवून ठेवण्यात तिला रस नसतो, कारण हजारोंच्या समुदायाला खलनायक ओळखून त्याच्यावर ओरडण्यात आनंद असतो. मात्र याच समुदायात दूर, शेवटच्या रांगांत बसलेला प्रेक्षक रंगमंचावर टांगलेल्या मायक्रोफोनवरून आलेला आवाजच प्रामुख्याने ग्रहण करतो. नटाची मुद्रा त्याला दिसत नाही. झाडीपट्टीतील संवादफेकीचा मोठा, स्पष्ट, शब्द तोडून उच्चारणारा बाज शहरी समीक्षकाला अतिरेकी वाटतो. त्या शेवटच्या रांगेचा विचार केला तर तो श्राव्य गरजेतून आलेला आहे हे लक्षात येते. दोन हातांवरच्या मायक्रोफोनसमोर कुजबुजणारा श्रुतिकेचा नट आणि मैदानाच्या कडेपर्यंत शब्द पोहोचविणारा झाडीपट्टीचा नट यांची तुलना अभिनयशास्त्राच्या अभ्यासकांनी अद्याप हाती घ्यावयाची आहे.

अभ्यासाचा विषय निघाला की साधनांचा प्रश्न येतो, आणि येथे परिस्थिती दुःखद आहे. अमेरिकेतील मालिका आज ऐकता येतात, याचे श्रेय प्रसारणासाठी मुद्रित केलेल्या सोळा इंची तबकड्यांना आणि त्या जपणाऱ्या हौशी संग्राहकांना द्यावे लागते. बी.बी.सी.चे पुष्कळसे साहित्य नष्ट झाले. फ्रान्सिस डर्ब्रिज यांच्या ‘पॉल टेंपल’ मालिकेतील हरवलेली काही कथानके शिल्लक संहितांवरून २००६ पासून पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागली. अगाथा ख्रिस्ती यांची ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही अर्ध्या तासाची श्रुतिका ३० मे १९४७ रोजी प्रसारित झाली. तिच्यावरून १९५२ मध्ये आलेले ‘द माउसट्रॅप’ हे नाटक दीर्घ प्रयोगमालिकेसाठी जगभर ओळखले जाते, पण त्या मूळ प्रसारणाचे ध्वनिमुद्रण उरलेले नाही. रंगमंचाने जे जपले ते ध्वनिक्षेपकाने गमावले. आपल्याकडे चुंबकीय फीत महाग होती आणि प्रसारणानंतर तीच फीत पुसून पुन्हा वापरणे सोयीचे होते. संगीताच्या फिती थोड्याफार जपल्या गेल्या. पंधरा मिनिटांच्या रहस्यश्रुतिकेसाठी कोण फीत अडकवून ठेवणार?

तरीही सर्व काही गेले आहे असे मानण्याचे कारण नाही. श्रुतिकेची संहिता प्रसारणापूर्वी लिहून, टंकलिखित करून नटांना दिली जाई, आणि अशा प्रती लेखकांच्या व कलावंतांच्या घरी राहत. त्यांच्या समासात ध्वनिसंकेतांच्या खुणा, कापलेली वाक्ये आणि बदललेले उच्चार आढळतील. छापील आवृत्तीत यांतले काही नसते. दुसरे साधन याहून नाजूक आहे : ऐकणारे. नागपूर केंद्रावरून आणि विविध भारतीवरून या श्रुतिका ऐकलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना हे श्रोते शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. त्यांना कथानक विचारण्यात अर्थ नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे कथानक सांगताना कोणीही इतर दहा कथा त्यात मिसळतो, आणि मग उरते ते ऐकीव. विचारावयाचे ते हे, की कोणता आवाज आठवतो : दार कसे वाजले, फौजदार कसा बोलायचा, कोणत्या शब्दाला संच नेमका दगा द्यायचा, आणि त्या वेळी ओट्यावर आणखी कोण कोण बसलेले होते.